न शिकवताच मुलीच्या तोंडी बाप्पा आला कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेचार वर्षांची. घरात देवघर नाही, तुम्ही दोघंही देव मानत नाही, सणवार आले तर खाण्यापुरते. मागच्या आठवड्यात जिन्याखालचं मांजराचं पिल्लू मेलं आणि ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाप्पाने त्याला वर नेलं. आता ते तिथून आपल्याला बघतंय." सासूबाई म्हणाल्या, "बघ, श्रद्धा उपजतच असते. तुम्हीच ती दाबताय." नवरा म्हणाला, हे सगळं शाळेतून येतंय, शाळाच बदलू. आणि तुम्ही विचारताय, दोघांत बरोबर कोण?

मी सांगलीत गेली २७ वर्षं अडीच ते आठ वयाच्या मुलांसोबत काम करते. बोलायला उशीर झालेली, शाळेत न रमणारी, घरात कुणी गेल्यावर गप्प झालेली, अशी मुलं. तुमचा प्रश्न मला वर्षातून तीन-चारदा येतो, आणि बहुतेक वेळा घरात किंवा अंगणात काहीतरी मेल्यावरच येतो. देव उपजत की शिकवलेला, हा त्याचा वरचा पदर. त्याच्या आड "आमचे विचार मी मुलीवर लादतेय का?" हा दुसरा प्रश्न बसलेला असतो. तो तुम्ही लिहिलेला नाही, पण सासूबाईंचं वाक्य लागलंय ते तिथेच. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी नवऱ्याची बाजू घेऊ. "आम्ही कधीच शिकवलं नाही" हे मी खरं मानते, पण त्यावर विसंबत नाही. असं म्हणणाऱ्या पालकांना मी एक चाळीस पानी वही देते. आठ दिवस मुलाच्या कानावर आणि डोळ्यांसमोर देव कुठे कुठे येतो ते लिहायचं. फक्त नोंद, शेरे नकोत. एका इंजिनिअर वडिलांची वही अजून माझ्या कपाटात आहे. सोमवारच्या पानावर असं आहे: रिक्षाच्या काचेपाशी गणपती. लिफ्टच्या आरशावर स्टिकर. शाळेत डबा उघडण्याआधी श्लोक. पोळ्यांच्या मावशी, "अन्न टाकू नये, बाप्पा रागावतो." व्हिडिओ कॉलवर आजी, "बाप्पाला जय कर बघू." शेजारून प्रसादाचा शिरा. आणि सगळ्यात खाली, एकदा खोडून परत लिहिलेलं: दूध उतू गेलं, मी म्हणालो, "अरे देवा!"

हा एका दिवसाचा हिशोब. त्यात भाषेचा हिशोब धरलेलाच नाही. मराठीत मेलेल्याला "मेला" म्हणणं जिवावर येतं, म्हणून तो "देवाघरी जातो". मांजराचं पिल्लू मेलं की शेजारची सहा वर्षांची ताईसुद्धा हेच म्हणते, कारण "मेलं असं बोलू नये" हे तिला कुणीतरी दटावून सांगितलेलं असतं. तुमच्या मुलीला "वर" हा पत्ता बहुधा तिथूनच मिळाला. आणि त्याच्याही आधीचं बघा. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते. रांगताना डोकं आपटलं की आपण फरशीला चापट मारतो, "हात रे! माझ्या बाळाला लागलं ना!" बाळाला अजून दोन शब्द येत नसतात आणि आपण फरशीला हेतू चिकटवून मोकळे. मी स्वतः केलंय हे, पदवी हातात असताना.

तेव्हा शब्द बाहेरून आले, यात मला शंका नाही. पण शाळा बदलण्याआधी एका गोष्टीचा विचार करा. त्याच मुलीच्या कानावर पेट्रोलचे भाव आणि गृहकर्जाचे हप्तेही रोज पडतात. पिल्लू मेल्यावर तिला ते आठवले नाहीत. ऐकलेल्या हजार गोष्टींतून तिने नेमकी हीच का उचलली? सासूबाईंच्या म्हणण्यात दम आहे तो इथे.

खरा निकाल लावायचा तर कुणीच काही न शिकवलेलं मूल हवं. ते आणायचं कुठून? अकबर बादशहाने आणायचा प्रयत्न केला. १५७८ च्या सुमारास त्याने तान्ही बाळं आयांपासून तोडून एका वेगळ्या वाड्यात ठेवली आणि त्यांच्याशी कुणी एक शब्द बोलायचा नाही, असा हुकूम काढला. लोक त्या वाड्याला गुंग महल म्हणू लागले. दरबारातला इतिहासकार बदायुनी लिहितो की ही मुलं आपणहून कोणत्या धर्माकडे वळतात हे बादशहाला बघायचं होतं. काही वर्षांनी बघितलं तर मुलं कुठेच वळली नव्हती, ती नुसती मुकी झाली होती. माणसांपासून तोडलेल्या मुलाच्या आत "मूळ" काहीतरी जसंच्या तसं शिल्लक राहतं, ही समजूतच मुळात चुकीची.

याच्या उलट एक उदाहरण आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे थिओफिलस डेस्ट्रेला जन्मापासून ऐकू न येणारे, शाळेत जाईपर्यंत त्यांना भाषा अशी नव्हतीच. मोठेपणी त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये छापल्या. लहानपणी त्यांना वाटायचं की डोंगरामागे कुणीतरी धिप्पाड माणूस दडलाय, तो रोज सकाळी सूर्याचा जळता चेंडू वर फेकतो आणि संध्याकाळी झेलतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, सांगताच येत नव्हतं. मात्र आजूबाजूची माणसं ते बघत होते, आणि आठवणी मोठेपणी लिहिल्या आहेत. म्हणून मी हा पुरावा मानत नाही, पण डोक्यातून जातही नाही.

कारण असा चेंडू फेकणारा मला माझ्या खोलीत रोज भेटतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी मुलांना विचारलं होतं, हे खडक टोकदार का? मोठी माणसं झीज वगैरे सांगत. मुलांना पटलेलं उत्तर: प्राण्यांनी त्यांच्यावर बसून त्यांचा चुरा करू नये म्हणून. मीही तोच खेळ खेळते. डोंगर कशाला असतो? चढायला. ढग कशाला? सावली करायला. एकदा पाच वर्षांच्या एका मुलाला विचारलं, "नदी कशाला असते?" त्याने माझ्याकडे, हिला एवढंही कळत नाही, अशा नजरेने बघितलं. "गणपती सोडायला!"

त्या एका उत्तरात तुमचा सगळा प्रश्न आहे. नदी कशासाठी तरी असणारच, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते "कशासाठी" म्हणजे गणपती, हे कृष्णाकाठच्या घाटाने शिकवलं.

इथे माझीच एक चूक सांगायला हवी. हा खेळ मी कितीतरी वर्षं "कशाला" हा शब्द वापरून खेळत होते. एका तरुण सहकारी मुलीने टोकलं, "मॅडम, 'कशाला' विचारलं की उत्तर 'अमुक करायला' असंच येणार. प्रश्नातच हेतू घातलाय तुम्ही." बरोबर होतं तिचं. मग मी "नदी का असते?" असं विचारू लागले. हेतूवाली उत्तरं बरीच कमी झाली. संपली मात्र नाहीत. केलेमन यांनीच पुढे, २०१३ मध्ये, दाखवलं की घाईघाईत उत्तर द्यायला लावलं तर मुरलेले शास्त्रज्ञही "प्राण्यांना श्वास घेता यावा म्हणून झाडं प्राणवायू सोडतात" छापाच्या वाक्यांना जास्त होकार देतात. म्हणजे ही खोड वयाने जात नाही. शिक्षणाने तिच्यावर झाकण बसतं.

पण सगळ्या जगातली मुलं अशीच, असंही पटकन म्हणू नये. जाँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात मांडलं होतं की लहान मुलं निर्जीव वस्तूंतही जीव पाहतात. मार्गारेट मीड न्यू गिनीजवळच्या मानुस लोकांत राहिल्या तेव्हा त्यांना उलटं दिसलं. तिथली मोठी माणसं पूर्वजांच्या आत्म्यांच्या धाकात जगत होती, आणि मुलं रोखठोक. होडी वाहून गेली? दोर नीट बांधला नव्हता. बस. तिथले आईबाप मुलांना चांदोमामा किंवा "हात रे फरशी" असलं काही सांगत नव्हते. हे वाचल्यापासून मी फरशीला मारणं बंद केलं. नातवंडांच्या वेळी परत सुरू झालं, ते सोडा.

आता "तिथून बघतंय" याबद्दल. माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात शंख ठेवलेत. मुलाला आत काय ते दाखवायचं, झाकण लावायचं आणि विचारायचं, बाहेर बसलेल्या आईला काय वाटेल, यात काय आहे? तीन वर्षांची मुलं म्हणतात, शंख. त्यांना वाटतं, जे मला माहीत ते सगळ्यांना माहीत. पाचव्या वर्षी मूल मिश्कील हसतं: आईला वाटेल बिस्किटं! बाप्पाला? "बाप्पाला कळणार, शंख." अमेरिकेत जस्टिन बॅरेट यांनी २००१ मध्ये हाच खेळ छापला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की सर्वज्ञ देव ही मुलाला अवघड कल्पना नाहीच. सुरुवातीला मूल सगळ्यांनाच सर्वज्ञ समजतं. आईला काही गोष्टी माहीत नसतात, हे त्याला शिकावं लागतं. देव फक्त त्या कपातीतून सुटतो. मला हे फार आवडलं होतं. पुढे ग्रीसमधल्या आणि अमेरिकेतल्याही इतरांनी तपासलं तर मधे एक टप्पा सापडला, साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास, जिथे मूल देवालाही आईइतकंच अजाण ठरवतं आणि नंतर त्याला वेगळं काढतं. माझ्या डब्यापुढेही अशी मुलं आली आहेत. "बाप्पाला कसं कळणार? झाकण लावलंय ना!" देव सुटत नाही तर, त्याला सोडवावं लागतं. ते काम मोठ्यांचं.

मरणाबद्दलही असंच दोन्हीकडे ओढणारं चित्र आहे. जेसी बेरिंग यांनी २००४ मध्ये मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. सुसर उंदराला खाते. आता उंदराला भूक लागेल का? नाही. डोकं चालतं का? नाही. आईची आठवण येते का? हो, येते! लहान मुलांत अशी उत्तरं जास्त, मोठ्यांत कमी, म्हणून हे उपजत, असं त्यांनी मांडलं. पुढच्याच वर्षी पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकारी बाईंनी स्पेनमध्ये सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना आजी-आजोबांच्या मृत्यूच्या गोष्टी सांगितल्या. गोष्टीत डॉक्टर बोलला की मुलं म्हणत, सगळं संपलं. पाद्री बोलला की म्हणत, काहीतरी उरतं. आणि "उरतं" म्हणणारी जास्त मुलं अकरा वर्षांची. तुमच्या मुलीच्या वाक्यात मला दोन्ही धागे दिसतात. काल उड्या मारणाऱ्या पिल्लाचं बघणं एकदम थांबलं, हे तिला डोळ्यांसमोर आणता येत नाही. हा धागा तिचा. "वर" आणि "बाप्पा" ऐकलेले.

इथपर्यंतचं दोन वाक्यांत: हेतू शोधणं, न दिसणारा कुणीतरी कर्ता धरून चालणं, मन शरीराबाहेरही उरतं असं वाटणं, याकडे मुलाच्या बुद्धीचा उतार असतो. त्या उतारावरून कोणतं पाणी वाहील ते गाव ठरवतं.

मी हे पालकांना सांगताना पूर्वी भाषेची उपमा द्यायचे. भाषा शिकण्याची ताकद उपजत, मराठी शिकलेली. आता ती उपमा वापरत नाही. भाषा न येणारं धडधाकट मूल माणसांत वाढून सापडत नाही. देव न मानणारी धडधाकट माणसं मात्र आपल्या शेजारीच आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त महाराष्ट्रात. प्यू या अमेरिकी संस्थेने २०१९-२० मध्ये भारतभर पाहणी केली तेव्हा ९७ टक्के लोक म्हणाले, देव आहे. बौद्धांत मात्र साधारण एक तृतीयांश म्हणाले, नाही. तीन पिढ्यांत एवढा फरक पडतो. आणि त्या घरांतली जी मुलं माझ्याकडे येतात, तीही सांगतात की डोंगर चढायला असतो. उतार तोच, पाणी दुसरं.

मग विश्वास बसतो कशाने? ऐकून नाही, असं माझं ठाम मत झालंय. मुलं ढगातल्या म्हातारीबद्दलही ऐकतात, हरभरे भरडते ती. एका साडेपाच वर्षांच्या मुलीला मी विचारलं, "ढगातली म्हातारी खरी का गं?" "नाही, ती गंमत आहे." "आणि बाप्पा?" "बाप्पा खरा." "कशावरून?" "आजी त्याच्यासाठी जेवत नाही."

मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये जे सिद्धांत म्हणून मांडलं, ते हिने चार शब्दांत सांगितलं. माणूस काय बोलतो यापेक्षा त्यासाठी काय सोसतो, हे बघून आपण त्याचं खरं धरतो. म्हातारीसाठी कुणी उपास करत नाही. बाप्पासाठी आजी उपाशी राहते, काका आळंदीहून पंढरपूरला चालत जातात, बाबा चपला काढून उन्हात रांगेत उभे राहतात. मराठीतलं क्रियापदच बघा. "आमच्याकडे खंडोबा मानतात" म्हणजे खंडोबा असल्याचं मत आहे असं नव्हे. त्याचं करतात, त्याचा मान ठेवतात, असं. मुलं शिकतात ते हे मानणं. तोंडाने देव देव करणाऱ्या पण त्यासाठी काहीच न सोडणाऱ्या घरांत ते फारसं उतरत नाही, हे मी पाहिलंय.

किती टिकेल, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. मिनेसोटातल्या जुळ्या भावांच्या २००५ च्या एका अभ्यासात लहानपणीच्या धार्मिकतेवर घराचा पगडा मोठा दिसला. वय वाढलं तसा तो उतरला आणि ज्याच्या-त्याच्या पिंडाचा वाटा वाढला. अमेरिकेतला अभ्यास आहे, आपल्याकडे लग्नानंतरही घराचा पगडा उतरतो का, ते तुम्हीच सांगा.

आता सासूबाई. त्यांचं अर्धं बरोबर आहे हे त्यांना मोकळेपणाने सांगा. पण उपजत म्हणून खरं, असं होत नाही. जमीन सपाट आहे असं प्रत्येक मुलाला आपोआप वाटतं, पृथ्वी गोल आहे हे शिकवावं लागतं. आणि नवऱ्यालाही सांगा, उपजत म्हणून खोटं, असंही नाही. आईचा चेहरा ओळखायला बाळाला कुणी शिकवत नाही, म्हणून आई खोटी ठरत नाही. देव आहे की नाही, हे माझ्या बिस्किटाच्या डब्यातून निघत नाही. मी स्वतः संध्याकाळी दिवा लावते. का, ते मलाही धड सांगता येत नाही.

लादण्याबद्दल. मुलीशी वाद घालू नका, आणि "किती गोड" म्हणून व्हिडिओही काढू नका. "तुला असं वाटतं होय? कुणी सांगितलं, की तूच ठरवलंस?" एवढं विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं. मग तुमचं सांगा: "आजीला वाटतं बाप्पाने नेलं. मला वाटतं, मेल्यावर बघणं, दुखणं, भूक सगळं थांबतं." दोन वेगळी मतं एका घरात ऐकून मुलं बिथरत नाहीत. एकाला दुसऱ्यासमोर हिणवलेलं ऐकून बिथरतात. तिने उदबत्ती लावायचा हट्ट धरला, तर सासूबाईंसोबत लावू दे. शाळा त्यासाठी बदलू नका, डब्याआधीचा श्लोक पुढच्या शाळेतही असेल. एकच गोष्ट टाळा, "पिल्लू झोपलंय" असं म्हणणं. असं सांगितलेली मुलं पुढे स्वतः झोपायला घाबरतात, ती मग माझ्याकडे येतात.

आणि तुमच्या एवढ्या लांब मजकुरात एक गोष्ट आली नाही: पिल्लाचं पुढे काय केलंत? सफाईवाल्याकडे दिलं असेल तर तसं सांगा. पुरलं असेल तर तिला ती जागा दाखवा. "वर" हा पत्ता तिला मिळालाय, कारण खालचा कुणी दिलेला नसावा. तिथे फूल ठेवू का म्हणाली, तर ठेवू द्या.